एका रेषेच्या चार रेषा

चुलींतल्या जाळावर मिठाची चिमूट पडली कीं ज्योत क्षणभर पिवळी होते, ही गोष्ट स्वयंपाकघरांत वावरणाऱ्या कोणालाही नवीन नाहीं. तोच पिवळा प्रकाश त्रिकोणी कांचेंतून पाहिला तर त्याची एक ठळक पिवळी रेषा दिसते. आणि साधन थोडें बरें असलें तर ती एक नसून अगदीं खेटून उभ्या राहिलेल्या दोन रेषा आहेत असें लक्षांत येतें. याहूनही नाजूक साधन मिळालें तर या दोहोंपैकीं प्रत्येक रेषा पुन्हां फुटलेली आढळते. पहिल्या फुटीला शास्त्रांत सूक्ष्म रचना म्हणतात व दुसरीला अतिसूक्ष्म रचना. नांवें रुक्ष आहेत खरीं. परंतु त्यांच्यामागें जी हकीकत आहे ती रुक्ष नाहीं. तींत हातची निसटलेली संधि आहे, युद्धानें मोडलेला प्रयोग आहे, अकालीं संपलेलें आयुष्य आहे, आणि शेवटीं एका थोर शास्त्रज्ञाची हरलेली पैजही आहे. ही हकीकत, विशेषतः धातूंच्या क्षारांपुरती, वाचकांपुढें ठेवण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

रेषा फुटलेली दिसली म्हणजे पाहणारापुढें दोन वाटा असतात. दोष साधनाचा आहे असें समजून तें दुरुस्त करावयास निघावें, ही एक. आणि फूट खरी धरून ती कां पडली याची चौकशी करावी, ही दुसरी. पहिली वाट बहुधा शहाणपणाची असते, कारण दहांपैकीं नऊ वेळां दोष साधनाचाच असतो. पुढील हकीकत उरलेल्या दहाव्या वेळेची आहे.

अमेरिकन पदार्थविज्ञानवेत्ता मायकेल्सन यानें प्रकाशाचे दोन किरण एकमेकांवर आणून त्यांच्या लहरींची तुलना करणारें एक उपकरण तयार केलें होतें. १८८७ पासून पुढें पांचसहा वर्षें त्यानें निरनिराळ्या मूलद्रव्यांचा प्रकाश या उपकरणांतून तपासला. त्याला हवी होती एक निर्मळ, अखंड रेषा. पॅरिसजवळ सेव्र येथें मीटरचें मूळ माप म्हणून जो धातूचा दांडा जपून ठेवलेला होता, त्याची लांबी प्रकाशाच्या लहरींत मोजण्याचा त्याचा संकल्प होता. आणि फुटलेल्या रेषेनें माप घेतां येत नाहीं. हायड्रोजनची तांबडी रेषा दुहेरी निघाली. पाऱ्याची हिरवी रेषा तर फारच गुंतागुंतीची निघाली. अखेर कॅडमियमची तांबडी रेषा त्याच्या पसंतीस उतरली, आणि १८९२-९३ मध्यें त्यानें एका मीटरांत तिच्या १५,५३,१६३ लहरी व वर आणखी अर्धी लहर मावते असें मोजून दाखविलें. हें मोजमाप त्या काळीं अजोड होतें. परंतु आज मागें वळून पाहतां असें वाटतें कीं, मापाला निरुपयोगी म्हणून ज्या रेषा बाजूस पडल्या त्यांच्याच पोटांत अणूचें अंतरंग लपलेलें होतें. मायकेल्सननें त्यांची फूट प्रामाणिकपणें टिपून ठेवली. तिचा अर्थ लावणें मात्र त्या वेळीं कोणालाच शक्य नव्हतें. इलेक्ट्रॉनचा शोधसुद्धां अद्याप लागावयाचा होता.

अर्थ लागावयास आणखी तीस वर्षें जावीं लागलीं, आणि त्यांतला बराचसा भाग हॉलंडांतील लायडन या लहानशा विद्यानगरींत घडला. १८९६ मध्यें तेथील झीमन यानें ज्योत बलवान् चुंबकाच्या मुखांत ठेवली, तेव्हां तिच्या पिवळ्या रेषा रुंदावल्याचें त्याला दिसलें. लौकरच असेंही सिद्ध झालें कीं, चुंबक एका रेषेच्या अनेक रेषा करतो. १९२५ मध्यें त्याच गांवीं उलेनबेक व गौडस्मिट या दोन तरुणांनीं असें मांडलें कीं, इलेक्ट्रॉन हा नुसता विजेचा कण नव्हे. तो स्वतःभोंवतीं फिरणाऱ्या भिंगरीसारखा आहे आणि म्हणून तो एक चिमुकला चुंबकही आहे. अणूंत फिरतांना हा चुंबक दोन प्रकारें राहूं शकतो. दोन्ही प्रकारांत शक्तीचा किंचित् फरक पडतो. म्हणून मिठाच्या ज्योतीची रेषा दुहेरी. ही झाली सूक्ष्म रचना. अतिसूक्ष्म रचनेचा उलगडा त्याच्या एकच वर्ष आधीं, १९२४ मध्यें, व्होल्फगांग पाउली यानें सुचविला होता. त्याचें म्हणणें असें कीं, अणूच्या मध्यभागीं असलेला अणुगर्भही चुंबक असावा. अर्थात् हा चुंबक अतिशय दुर्बळ असणार. हायड्रोजनच्या अणुगर्भाचा चुंबक इलेक्ट्रॉनच्या चुंबकाच्या सुमारें ६५८ व्या हिश्श्याएवढाच भरतो. इलेक्ट्रॉनचा आवाज सभेंतल्या वक्त्यासारखा मानला, तर अणुगर्भाची ती नुसती कुजबुज होय.

येथवर जें सांगितलें तें वाफेंतल्या सुट्या अणूंचें झालें. परंतु आपल्या नित्याच्या व्यवहारांत धातु असे सुटे भेटत नाहींत. तांबें मोरचुदांत असतें, क्रोमियम जांभळ्या क्रोम-तुरटींत असतें, मॅंगनीज दगडांत व मातींत असतें. या घन क्षारांचा प्रकाश तपासूं गेल्यास रेषा दिसत नाहींत. रंगाचे रुंद, विस्कटलेले पट्टे दिसतात. मोरचूद निळा कां, त्यांतल्या तांब्याच्या अणूभोंवतीं पाण्याचे रेणु कसे उभे आहेत, तांब्याचा सुटा इलेक्ट्रॉन घरींच राहतो कीं शेजारींही जातो, या प्रश्नांची उत्तरें त्या पट्ट्यांतून वाचणें म्हणजे पावसांत भिजलेलें पत्र वाचण्यासारखें होतें. दुसरी कांहीं युक्ति हवी होती.

ती युक्ति अनुनादाची. सारंगीवर मुख्य तारेंतून एखादा स्वर निघाला म्हणजे खालच्या तरफेच्या तारांपैकीं नेमकी त्याच स्वराला लावलेली तार आपोआप झणकारते. इतर तारा स्तब्ध राहतात. इलेक्ट्रॉनचा चुंबकही असाच एक ठराविक स्वर धारण करतो, आणि तो स्वर भोंवतालच्या चुंबकीय क्षेत्रावर अवलंबून असतो. क्षेत्र एक गाऊस असेल तर सेकंदास सुमारें २८ लाख आवर्तनें. पृथ्वीचें स्वतःचें क्षेत्र साधारणपणें अर्धा गाऊस असतें, यावरून या मापाची कल्पना येईल. तेव्हां क्षार चुंबकांत ठेवावा, त्यावर रेडिओच्या लहरी सोडाव्या आणि क्षेत्र हळूहळू वाढवीत न्यावें. स्वर जुळला कीं क्षार त्या लहरींतली शक्ति पिऊन टाकील आणि कागदावर एक रेषा उमटेल. कल्पना साधी आहे. ती साधतांना मात्र चांगले चांगले थकले.

त्यांत पहिलें नांव कॉर्नेलिस गॉर्टर या डच शास्त्रज्ञाचें. १९३६ मध्यें त्यानें तुरटी व लिथियम फ्लुओराइड यांमधील अणुगर्भांचा स्वर ऐकण्याचा प्रयत्न केला. स्वर जुळून शक्ति शोषली गेली तर स्फटिक किंचित् तापेल, आणि ती उष्णता मोजतां येईल, अशी त्याची योजना होती. स्फटिक तापला नाहीं. पुढल्या वर्षीं तो न्यूयॉर्कला राबी याच्या प्रयोगशाळेंत गेला व आपली कल्पना त्यानें मोकळ्या मनानें सांगितली. राबी सुट्या रेणूंच्या झोतांवर काम करीत होता. त्यानें ती युक्ति आपल्या झोताला लावली आणि १९३८ च्या आरंभीं यश मिळविलें. १९४४ चें नोबेल पारितोषिक राबीला मिळालें. गॉर्टरनें १९४२ मध्यें, जर्मनांनीं व्यापलेल्या हॉलंडांत, पुन्हां एकदां प्रयत्न केला आणि तोही फसला. कारण मागाहून उमगलें तें मोठें चमत्कारिक होतें. त्याचे स्फटिक फार शुद्ध होते. अणुगर्भानें शोषलेली शक्ति भोंवतालीं वांटून टाकावयास थोडी भेसळ उपयोगी पडते. ती नसल्यामुळें अणुगर्भ एकदां तृप्त झाले कीं तसेच बसून राहत, आणि नवी शक्ति पीत नसत. शुद्धतेचा अतिरेकही कधीं कधीं आड येतो तो असा.

दुसरें नांव रशियांतील कझान विद्यापीठाच्या येव्गेनी झाव्होइस्की याचें. हा गृहस्थ लहानपणापासून रेडिओचा नादी होता, आणि तोच नाद त्याच्या कामीं आला. स्फटिकाची उष्णता मोजीत बसण्याऐवजीं, क्षार शक्ति पिऊं लागला कीं लहरी निर्माण करणाऱ्या रेडिओच्या दिव्यांतला विद्युत्प्रवाहच किंचित् बदलतो, हें त्यानें हेरलें. १९४१ च्या वसंतांत, अल्टशुलर व कोझिरेव्ह या सहकाऱ्यांसह काम करतांना, अणुगर्भांच्या अनुनादाच्या खुणा त्याला दिसल्याही. परंतु एके दिवशीं दिसलेली खूण दुसऱ्या दिवशीं दिसेना. चुंबकाचें क्षेत्र सर्वत्र सारखें नव्हतें. जें पुन्हां दाखवितां येत नाहीं तें छापावयाचें नाहीं, या कसोटीवर त्यानें तें बाजूस ठेवलें. त्या वर्षीं २२ जूनला जर्मनीनें रशियावर स्वारी केली. मॉस्को व लेनिनग्राड येथील मोठमोठ्या संशोधनसंस्था कझानला हलविण्यांत आल्या; विद्यापीठाच्या खोल्या त्यांना द्याव्या लागल्या; झाव्होइस्कीचीं यंत्रें उखडलीं गेलीं; अल्टशुलर लढाईवर गेला. अणुगर्भांच्या अनुनादाचा शोध यानंतर अमेरिकेंत पर्सेल व ब्लॉख यांनीं वेगवेगळ्या ठिकाणीं १९४५-४६ मध्यें लावला, आणि १९५२ चें नोबेल पारितोषिक त्या दोघांस मिळालें.

झाव्होइस्की मात्र स्वस्थ बसला नाहीं. यंत्रें पुन्हां जुळवून त्यानें अणुगर्भाऐवजीं इलेक्ट्रॉनचा स्वर ऐकण्याचें ठरविलें, आणि १९४४ च्या आरंभीं, युद्ध चालू असतांनाच, त्याला तो ऐकूं आला. क्षार होता तांब्याचा, म्हणजे क्युप्रिक क्लोराइड, सेकंदास १३.३ कोटी आवर्तनें आणि ४७.६ गाऊसचें क्षेत्र. वर दिलेल्या प्रमाणाशीं हे आंकडे ताडून पाहण्यास वाचकांस हरकत नाहीं. १९४५ च्या जानेवारींत मॉस्को येथें त्यानें आपला प्रबंध मांडला तेव्हां तेथील विद्वानांना तो खराच वाटेना. दूरच्या गांवचा एक अध्यापक, जुनींपानीं यंत्रें घेऊन, जें डच पंडितांस साधलें नाहीं तें आपणांस साधलें म्हणून सांगतो! शेवटीं कापित्झा याच्या संस्थेंत त्यानें तोच प्रयोग अधिक चांगल्या उपकरणांनीं करून दाखविला व शंका मिटली. तरीही त्या काळच्या त्याच्या रेषा रुंद व बोथट होत्या. त्या सांगत एवढेंच कीं, येथें सुटा इलेक्ट्रॉन आहे. तो कोणाच्या शेजारीं राहतो हें त्यांतून कळत नव्हतें.

याच सुमारास अणुगर्भांच्या अनुनादाची शाखाही वेगानें वाढत होती, आणि तिचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. १९५१ मध्यें अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत अर्नोल्ड, धर्मट्टी व पॅकार्ड या तिघांनीं साध्या मद्यार्कांतल्या हायड्रोजनची एक रेषा तीन रेषांत फुटलेली दाखविली. एकाच रेणूंत हायड्रोजनचे अणु तीन निरनिराळ्या शेजारांत राहतात, हें त्या फुटीचें कारण. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांचें रूप ज्या पद्धतीनें पुढें पालटलें तिचा हा पाया होय. या तिघांपैकीं धर्मट्टी यांनीं नंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत या विषयाच्या संशोधनाची सुरुवात केली.

आतां इलेक्ट्रॉनकडे वळूं. युद्ध संपलें तेव्हां ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रयोगशाळेंत रडारसाठीं तयार झालेलीं साधनें व तें काम केलेलीं माणसें तयार होतीं. त्यांत ब्रेबिस ब्लीनी हा तरुण होता. रडारच्या तीन सेंटिमीटर व त्याहून आखूड लहरी हाताशीं असल्यामुळें झाव्होइस्कीपेक्षां कितीतरी उंच स्वर वापरतां येऊं लागले, आणि रेषा स्पष्ट झाल्या. १९४७-४८ च्या सुमारास ऑक्सफर्डांत व अमेरिकेंत क्रोम-तुरटीची रेषा एक नसून तीन आहेत असें दिसून आलें. क्रोमियमच्या अणूंत तीन सुटे इलेक्ट्रॉन असतात. त्याच्याभोंवतीं पाण्याचे सहा रेणु अष्टफलकी स्फटिकाच्या सहा टोंकांप्रमाणें उभे असतात. ते जर किंचित् कललेले वा दबलेले असतील, तर इलेक्ट्रॉनांच्या पातळ्या आपसांत सरकतात व रेषेच्या तीन रेषा होतात. ही घन क्षारांतली सूक्ष्म रचना. तिच्यावरून शेजाऱ्यांची बैठक ओळखतां येते. शेजाऱ्यांच्या या प्रभावाची सांगोपांग उपपत्ति अमेरिकेंत व्हॅन व्हलेक यानें १९३० नंतरच्या वर्षांत मांडली होती. आणि त्याच वर्षांत आपल्याकडे के. एस. कृष्णन् यांनीं ढाका व कलकत्ता येथें, स्फटिक बारीक तंतूला टांगून चुंबकांत तो कितपत पीळ घेतो हें मोजून, मोरचुदासारख्या क्षारांचें चुंबकत्व दिशेप्रमाणें बदलतें हें अत्यंत काटेकोरपणें दाखविलें होतें. रडारच्या लहरींनीं जें पुढें उघड दिसलें, त्याचा पुरावा एका तंतूच्या पिळांतून आधींच जमत चालला होता.

परंतु अणुगर्भाची कुजबुज अजून ऐकूं येत नव्हती. याचें कारण समजण्यासाठीं एखाद्या लग्नाची पंगत डोळ्यांपुढें आणावी. प्रत्येक पाटावरचा माणूस बोलतो आहे. शेजारचा काय म्हणतो हेंच धड कळत नाहीं, मग कोणी हळूच कांहीं सांगितलें तर तें कानावर कसें पडावें? तांब्याच्या क्षारांत तांब्याचे अणु असेच खेटून बसलेले असतात. प्रत्येकाचा इलेक्ट्रॉन चुंबक असल्यामुळें तो शेजाऱ्यांच्या रेषा ओढून, ताणून रुंद करतो, व त्या गर्दींत अणुगर्भाची खूण बुडून जाते. यावर उपाय ऑक्सफर्डच्या पेनरोज या तरुणास सांपडला. तो त्या वेळीं लायडनला, गॉर्टरच्याच प्रयोगशाळेंत, कांहीं काळासाठीं गेला होता. मोरचुदासारखाच तांब्याचा एक जोडक्षार त्यानें घेतला आणि त्यांतील बहुतेक तांब्याच्या जागीं मॅग्नेशियम बसविलें. मॅग्नेशियमला सुटा इलेक्ट्रॉन नसल्यामुळें तें मुकें असतें. स्फटिकाची बैठक मात्र बिघडत नाहीं. पंगत तीच राहिली, बोलणारे तेवढे विरळ झाले. आणि १९४९ मध्यें तांब्याच्या एका रेषेच्या जागीं चार रेषा उभ्या राहिल्या.

चारच कां? याचा हिशेब सोपा आहे. अणुगर्भाच्या स्वभ्रमणाचा जो आंकडा असतो त्याची दुप्पट करून त्यांत एक मिळवावा, म्हणजे रेषांची संख्या येते. तांब्याचा आंकडा दीड, म्हणून चार. मॅंगनीजचा अडीच, म्हणून सहा. व्हॅनेडियम व कोबाल्ट यांचा साडेतीन, म्हणून आठ. गुरांच्या अंगावरच्या डागावरून त्यांचा मालक ओळखावा, तसा रेषा मोजून धातु ओळखतां येऊं लागला. ज्या लायडनमध्यें गॉर्टरला रित्या हातानें बसावें लागलें होतें, त्याच लायडनमध्यें क्षारांतली अतिसूक्ष्म रचना प्रथम प्रकट व्हावी, हा योग विलक्षण खरा. पेनरोजला मात्र आपल्या शोधाची फळें पाहतां आलीं नाहींत. त्याच वर्षीं, ऐन उमेदींत, त्याचा अंत झाला. एका निबंधिकेपुरतें त्याचें नांव या शास्त्रांत राहिलें आहे; परंतु विरळ करून ऐकण्याची त्याची रीति त्यानंतरच्या प्रत्येक प्रयोगशाळेनें उचलली.

नवी रीति हातीं आली कीं नवीं कोडींही येतात. मॅंगनीजच्या क्षारांत सहा रेषा ठरल्याप्रमाणें मिळाल्या. परंतु त्यांच्यामधलें अंतर सुमारें ९० गाऊस, म्हणजे अपेक्षेपेक्षां फारच मोठें निघालें. अपेक्षा तर अशी होती कीं, येथें फूट जवळजवळ पडूंच नये. मॅंगनीजचे पांच सुटे इलेक्ट्रॉन ज्या कक्षांत राहतात, त्या कक्षा अणुगर्भापाशीं पोंचतच नाहींत, आणि पांचांची मांडणी चोहोंकडून सारखी असल्यामुळें दुरून होणारा परिणामही एकमेकांत विरून जातो. घरांत पाऊल न टाकणाऱ्या पाहुण्याचा आवाज देवघरांत ऐकूं यावा तसा हा प्रकार झाला. येथें पुन्हां त्याच दोन वाटा होत्या. रशियांत जन्मलेला व फ्रान्सचा झालेला अब्रागाम हा त्या वेळीं ऑक्सफर्डला प्राइस याच्या हाताखालीं अभ्यास करीत होता. त्यानें प्रयोग खरा मानला व समजुतींतली चूक शोधली. अणूच्या अगदीं आंतल्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या अणुगर्भापर्यंत जातात. जोडींतल्या दोघांचे चुंबक परस्परविरुद्ध असल्यामुळें एरवीं त्यांचा परिणाम शून्य असतो. परंतु बाहेरच्या पांच इलेक्ट्रॉनांमुळें या जोड्यांचा तोल किंचित् ढळतो, आणि तो ढळलेला तोलच अणुगर्भाला जाणवतो. पाहुणा दारांतच उभा असला तरी घरांतल्या माणसांच्या वागण्यांत फरक पडतो, असें म्हणावयास हरकत नाहीं. १९५१ मध्यें अब्रागाम व प्राइस यांनीं सूक्ष्म व अतिसूक्ष्म या दोन्ही परिणामांचें गणित एकत्र मांडलें. अशा प्रकारच्या सर्व प्रयोगांची भाषा पुढें तीच झाली.

त्यानंतरचा प्रश्न शेजाराचा होता. रसायनशास्त्रांत कित्येक वर्षें एक वाद चालत आलेला होता. धातूच्या संयुगांत धातु व त्याचे शेजारी हे केवळ विरुद्ध विजेच्या ओढीनें जवळ आलेले असतात, कीं इलेक्ट्रॉन दोघांच्या सामाईक मालकीचे असतात? दोन्ही पक्षांजवळ युक्तिवाद होते, डोळ्यांनीं पाहिलेला साक्षीदार नव्हता. तो १९५३ मध्यें ऑक्सफर्डांत मिळाला. इरिडियम या धातूभोंवतीं क्लोरीनचे सहा अणु असलेला क्षार ओवेन, स्टीव्हन्स व त्यांचे सहकारी यांनीं तपासला. प्लॅटिनमच्या तशाच क्षारांत इरिडियम विरळ करून पाहतां, इरिडियमच्या रेषेवर क्लोरीनच्या अणुगर्भांची अतिसूक्ष्म फूट दिसली. क्लोरीनचा अणुगर्भ इलेक्ट्रॉनशीं बोलला, याचा अर्थ इलेक्ट्रॉन क्लोरीनच्या घरीं जाऊन आला. फुटीच्या रुंदीवरून किती वेळ तेथें असतो याचाही हिशेब झाला. एकेका क्लोरीनपाशीं सुमारें विसांतला एक हिस्सा. सहा घरें मिळून शेंकडा तीसच्या आसपास. म्हणजे इरिडियमचा म्हणून समजला जाणारा इलेक्ट्रॉन पुरता इरिडियमचा नव्हताच. वाद शब्दांनीं मिटला नसता तो रेषा मोजून मिटला.

हीच मोजणी पुढें सजीव सृष्टींतही पोंचली. १९८० च्या सुमारास पालकाच्या पानांतून काढलेल्या, सूर्यप्रकाशांत पाण्यापासून प्राणवायु मोकळा करणाऱ्या द्रव्यांत मॅंगनीजच्या सहा रेषांऐवजीं सोळांहून अधिक रेषांची एक मालिका आढळली. एका मॅंगनीजनें सोळा रेषा उमटत नाहींत. तेव्हां तेथें मॅंगनीजचे एकाहून अधिक अणु एकत्र नांदत असून इलेक्ट्रॉन त्यांच्या सामाईक मालकीचे आहेत, हें ओघानेंच सिद्ध झालें. आपण घेतों त्या प्रत्येक श्वासाचा उगम ज्या ठिकाणीं आहे, तेथील कारागीर अशा रीतीनें प्रथम मोजले गेले.

येथवर इलेक्ट्रॉननें अणुगर्भाची बातमी आणली. आतां या हकीकतीचा शेवटचा भाग, ज्यांत इलेक्ट्रॉननें अणुगर्भाला हुकूम सोडला. त्यासाठीं थोडें मागें, १९४८ पर्यंत, जावें लागेल. अणुगर्भांचे चुंबक एका दिशेस ओळीनें उभे करावे अशी शास्त्रज्ञांची फार दिवसांची इच्छा होती. परंतु ते इतके दुर्बळ, कीं त्यांना वळविण्यास प्रचंड क्षेत्र पाहिजे. त्या वर्षीं गॉर्टरनेंच असें सुचविलें, आणि लौकरच अमेरिकेंत रोझ यानेंही स्वतंत्रपणें सुचविलें, कीं एवढा मोठा चुंबक बांधण्याची आवश्यकता नाहीं. अतिसूक्ष्म परिणाम दुहेरी आहे. अणुगर्भ इलेक्ट्रॉनला जितका ओढतो तितकाच इलेक्ट्रॉनही अणुगर्भाला ओढतो, आणि स्वतःच्या अणुगर्भापाशीं इलेक्ट्रॉन जें क्षेत्र निर्माण करतो तें कांहीं लाख गाऊसांचें असतें. तेव्हां क्षार अतिशय थंड करावा, बाहेरून लहानसें क्षेत्र लावून इलेक्ट्रॉन वळवावे, आणि अणुगर्भ वळविण्याचें काम इलेक्ट्रॉनांवर सोंपवावें. १९५१ मध्यें ऑक्सफर्डांत व लायडनांत किरणोत्सर्गी कोबाल्टच्या अणुगर्भांना क्षारांत ओळीनें उभें करण्यांत यश आलें.

१९५६ मध्यें ली व यांग या दोन चिनी तरुणांनीं अमेरिकेंत असा प्रश्न टाकला कीं, निसर्ग डावें-उजवें असा भेद करीत नाहीं हें आपण गृहीत धरतों. पण किरणोत्सर्गाच्या बाबतींत तें कोणी तपासलें आहे काय? तपासण्यास हवे होते एका दिशेस वळविलेले अणुगर्भ. कोलंबिया विद्यापीठाच्या चिएन-शिउंग वू या विदुषीनें वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय मापन-संस्थेंत, ऑक्सफर्डांत शिकून आलेला अँब्लर व त्याचे सहकारी यांच्यासह, सेरियम-मॅग्नेशियम नायट्रेटच्या स्फटिकावर कोबाल्टचा पातळ थर घेतला, तो निरपेक्ष शून्याच्या वर अवघ्या एका अंशाच्या शंभराव्या हिश्श्याइतका थंड केला, आणि गॉर्टरच्या युक्तीनें अणुगर्भ वळविले. बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन दोन्ही बाजूंस सारखे जात नव्हते. अणुगर्भाच्या भ्रमणाच्या विरुद्ध दिशेस ते अधिक संख्येनें जात होते. निसर्ग डावें-उजवें ओळखतो, हें १९५७ च्या जानेवारींत जगाला कळलें. प्रयोगाचा निकाल येण्यापूर्वीं ज्यांनीं तो असा लागणार नाहीं म्हणून मोठी पैज मारण्याची तयारी दाखविली होती त्यांत व्होल्फगांग पाउली होता. ईश्वर डावखुरा असेल यावर आपला विश्वास बसत नाहीं, असें त्यानें एका मित्राला कळविलें होतें. अणुगर्भ हा चुंबक आहे ही १९२४ मधली कल्पना त्याचीच. आणि त्याच कल्पनेच्या बळावर उभारलेल्या प्रयोगानें त्याची पैज हरविली. निकाल कळल्यावर त्यानें तो मानला.

कोणाला काय मिळालें याचा हिशेब मांडला तर तो न्यायाचा वाटत नाहीं. ली व यांग यांना त्याच वर्षीं नोबेल पारितोषिक मिळालें. वू हिला तें कधींच मिळालें नाहीं. झाव्होइस्कीला १९५७ मध्यें लेनिन पारितोषिक मिळालें. नोबेलसाठीं त्याचें नांव वारंवार सुचविलें गेलें, आणि १९७६ मध्यें तो वारला. गॉर्टरनें १९६७ मध्यें आपल्या हुकलेल्या शोधांवर एक लेखच लिहिला, आणि त्यांत दुर्दैवाबरोबर स्वतःच्या चुकांचीही मोकळेपणानें गणती केली. परंतु हिशेबाची दुसरीही बाजू आहे. १९४१ मध्यें पुन्हां न दिसलेली खूण झाव्होइस्कीनें छापली नाहीं, म्हणूनच १९४४ मध्यें त्यानें दिसली म्हणून सांगितलेली खूण जगाला अखेर मानावी लागली. ज्यानें संशयाच्या वेळीं तोंड मिटलें त्याच्याच शब्दाला पुढें वजन आलें.

शेगडीवरच्या ज्योतींत मिठाचा खडा पडून ती आजही पिवळी होते. त्या पिवळेपणांत दोन रेषा आहेत, आणि त्या दोहोंच्या पोटांत आणखी रेषा आहेत. त्यांतली शेवटची, सर्वांत बारीक फूट डोळ्यांना दिसत नाहीं आणि वर्षानुवर्षें ती मोजमापाची अडचण म्हणून बाजूला ठेवलेली होती. तांब्याच्या शेजाऱ्यांना बोलूं न देतां पेनरोजनें ती प्रथम क्षारांत ऐकली, आणि आठ वर्षांनीं तिच्याच आधारें निसर्गाला डावा हात आहे हें समजलें.